गोल खळ्यातलं टेनिस

जानेवारी अर्धा सरला की खामगावच्या बाजारात ओल्या तुरीच्या शेंगांचे ढीग लागतात आणि आमच्या टीव्हीवर ऑस्ट्रेलियातलं टेनिस सुरू होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. घरातले तर विचारतातच. पहाटे उठून, अंगावर शाल घेऊन, मांडीवर शेंगांची परात आणि डोळे टीव्हीवर, असं माझं सोलणं चालतं. सोले, म्हणजे ओले दाणे, एकीकडे, टरफलं एकीकडे. सामना रंगला की टरफलं सोल्यांत पडतात. नवरा म्हणतो, "तुझं सोलेवांगं जानेवारीत निवडून खावं लागतं." म्हणू दे. जानेवारीत मी कुणाचं ऐकत नाही.

चेंडू जाळ्याच्या वरच्या पट्टीला लागून पलीकडे पडला की समालोचक इंग्रजीत काहीतरी म्हणतो. माझ्या तोंडून मात्र "काठाला लागला!" असंच निघतं. टेनिसच्या जाळ्याला काठ असतो, असं माझ्या मुलीने लहानपणी शाळेत ठासून सांगितलं होतं आणि हसं करून घेतलं होतं. तिची काय चूक? मी ज्या जाळ्यावर खेळले त्याला खरोखरच काठ होता. माझ्या काकूचं जुनं नऊवारी लुगडं होतं ते.

जानेफळच्या अलीकडे आमचं वावर. माझे भास्करकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, फौजेतून हवालदार होऊन घरी परतले तेव्हा मी दहावीला होते. गावातले बाकीचे फौजी येताना ट्रंक आणत, रेडिओ आणत. काकांनी आणल्या दोन लाकडी रॅकेटी आणि पिशवीभर टकले चेंडू. तिकडे अधिकाऱ्यांचं टेनिसचं मैदान राखायचं काम त्यांच्याकडे होतं. पाणी मारायचं, झाडायचं, चेंडू वेचायचे. कधी चौथा गडी कमी पडला की एखादा साहेब त्यांनाच आत बोलवायचा.

"तो साहेब एवढा मोठा, त्याच्यापुढं आपन तोंड उघडत नसू," काका सांगायचे. "पन त्याचा चेंडू पट्टीले लागून माह्या अंगनात पडला, का तो हात वर करे. माफी मागे. मले! आता सांग, दुसऱ्या कोनत्या खेयात हे असते?"

मला तेव्हा दुसरा कोणताच खेळ नीट माहीत नव्हता, त्यामुळे मी मान डोलवायची.

तर काकांनी ठरवलं की टेनिस खेळायचं. आता जानेफळात टेनिसचं मैदान कुठून आणणार? पण सपाट, कडक, चेंडू उडेल अशी जमीन आमच्याकडे होतीच की. खळं! ज्वारी निघाली की तूर येईपर्यंत खळं मोकळंच असायचं. ते आधीच बैलांनी तुडवून, पाणी मारून, शेणाने सारवून गुळगुळीत केलेलं. अनवाणी पायांना गार लागायचं. अनवाणी, कारण खळ्यात चप्पल घालून जायचं नाही हा आमच्याकडचा नियम. तिथे धान्य उतरतं. त्यामुळे मी टेनिस शिकले ते अनवाणी आणि परकर-पोलक्यात, आणि आज टीव्हीवर त्या मुलींचे रंगीत बूट पाहताना माझ्या तळव्यांना उगाच सारवणाचा गारवा जाणवतो.

खळं असतं गोल. मधोमध मेढ, म्हणजे खांब रोवलेला असतो आणि बैल त्याच्याभोवती फिरतात, म्हणून गोल. काकांनी मेढ उपटली नाही, ती मळणीआधी उपटत नाहीत. त्यांनी दोन बाजूंना दोन खुंट ठोकले आणि काकूचं लुगडं एका खुंटापासून मेढीला वेढा देऊन दुसऱ्या खुंटापर्यंत ताणलं. काठ वर. चुलीतल्या राखेने रेघा ओढल्या. रेघा सरळ गेल्या आणि खळं संपलं तिथे संपल्या. चारही कोपरे भोवतीच्या हरभऱ्यात! तिथे चेंडू पडला तर उडायचाच नाही, ढेकळात मुकाट बसून राहायचा. काका कमरेवर हात ठेवून बघत राहिले. मग म्हणाले, "कोपऱ्यात मारू नोको. कोपरा धरायचा नाही." झालं. आमच्या टेनिसला कोपरेच नव्हते.

काकू आधी खूप चिडली. लुगडं जुनं असलं तरी तिचं होतं. "जीव गेला तरी बाई लुगडं सोडत नाही, अन् हे पाहा, खुट्याले बांधलं," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पण मग संध्याकाळी दूध काढून झालं की तीच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन बसायची. चेंडू लुगड्यात अडकला की ओरडायची, "अवं, काठ फाडशीन माहा!" आणखी एक नियम तिचा. महिन्याच्या त्या चार दिवसांत मी खळ्यात पाय ठेवायचा नाही. मला राग यायचा, रडायलाही यायचं. काका तिच्याशी भांडले नाहीत, पण मला धुऱ्यावर बसवून म्हणाले, "बरं झालं. मले अंपायर भेटला." आणि एकटेच चेंडू हवेत उडवून सर्व्हिस करत राहिले. मी बसल्या जागेवरून "आत", "बाहेर" ओरडायची. नियम वाईटच होता, आजही तेच म्हणेन. पण रेघेकडे बघायला मी त्या धुऱ्यावर शिकले.

रेघेवरून आठवलं. काका सगळ्या बाबतीत सैल माणूस होता, एका बाबतीत नाही. आपल्या अंगणात पडलेल्या चेंडूचा न्याय आपणच करायचा, आणि खरा करायचा. राखेला शिवला तर आत. दिसलाच नाही तर? "दिसला नाही तं आत. शंका आली तं समोरच्याची. ते सोडलं का टेनिस राह्यलंच नाही, मंग इटीदांडू खेया." सारवणावर चेंडूचा डाग उमटायचा. मी एकदा आतला चेंडू बाहेर म्हटला तेव्हा ते जाळ्याला वळसा घालून आले, डागाशी उकिडवे बसले, माझ्याकडे पाहिलं आणि परत गेले. पुन्हा माझी छाती झाली नाही.

दुसरी गोष्ट हात मिळवण्याची. डाव संपला की लुगड्याशी यायचं, काठावरून हात पुढे करायचा. हरलं तरी. रुसलं तरी. हात मिळवल्याशिवाय खळ्याबाहेर पडायचं नाही. मी रोज हरायची, त्यामुळे रोज हात पुढे करताना तोंड फुगलेलं असायचं. काका माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणायचे, "उद्या येतं ना?" त्यांना उत्तर हवं असायचं. मी "हाव" म्हटल्याशिवाय हात सोडत नसत.

मला आता वाटतं, टेनिसचं सगळं मोठेपण त्या प्रश्नात आहे. धावायला एकट्याला येतं, पोहायला येतं. टेनिसला मात्र समोर कुणीतरी लागतंच, आणि त्याने आपण मारलेलं परत मारावं लागतं. ज्याला हरवायचं तोच आला नाही तर संपलं. काकांना गावात दुसरं कुणी नव्हतं. पोरं क्रिकेटवाली. बाबांना हा सगळा वेळ घालवायचा धंदा वाटायचा. उरले मी, बारावीचं पुस्तक पोटाशी धरून खळ्यावर जाणारी.

हो, मी सांगतेय तो हंगाम माझ्या बारावीचा. त्या वर्षी तूर उशिरा वाळली आणि खळं आम्हाला जानेवारीतही मिळालं. अभ्यास व्हायचा तेवढा व्हायचा. संध्याकाळी हिरव्या हरभऱ्याचा आंबूस वास, कुठेतरी हुरडा भाजल्याचा धूर, आणि लुगड्यापलीकडे बनियनवर उभे काका. लुगड्यातून पलीकडचं दिसायचं नाही, काकांचे पाय तर नाहीच, त्यामुळे ते कुठे पळणार हे खांद्यावरून ओळखावं लागे. मला ते ओळखता यायला लागलं होतं. त्या महिन्यात खेळात मी त्यांच्या बरोबरीला येत होते आणि दोघांनाही ते कळत होतं. काका सर्व्हिसच्या आधी आता थुंकी लावून हात चोळायचे, जे आधी कधी करत नसत.

आणि मग तो दिवस. सकाळपासून आभाळ आलं होतं. बाबा आणि सालदार वावरात कापलेली तूर गोळा करत होते. पाऊस यायच्या आत सगळी बंडीत, म्हणजे बैलगाडीत, घालून खळ्यावर आणून, सुडी रचून झाकायची होती. "बंडी येईस्तोवर एक डाव होते," काका म्हणाले. तो डाव असा चढला की काय सांगू! बरोबरीत आलो. टेनिसमध्ये बरोबरीवर डाव सुटत नाही, ओळीने दोन गुण घ्यावे लागतात. एक घेतला की पुढे, पुढचा गेला की पुन्हा बरोबरी. असं किती वेळ चाललं कोण जाणे. धुऱ्यावर काकू उभीच राहिली होती. मग एक गुण मी घेतला. आणखी एक मिळाला की मी काकांना पहिल्यांदा हरवणार होते.

काकांनी मारलेला चेंडू मेढीच्या बाजूने आला. मी अंगातलं सगळं बळ लावून परत मारला. तो त्यांच्या मागच्या रेघेशी पडला. काहीतरी उडालं. राख होती की नुसती धूळ, मला इकडून दिसेना. ढगाआडून सूर्य नेमका माझ्या डोळ्यांत. काका वळून डागाकडे बघत होते.

"आत का भाईर?" मी ओरडले.

तेवढ्यात बंडी खळ्याच्या तोंडाशी आली. "हटा बे तिथून!" बाबांचा आवाज. "पानी येऊन राह्यलं अन् तुमचं काय चालू आहे?" बैल आत, बंडी उलटी, आणि तुरीच्या पेंढ्यांचा ढीग थेट त्या रेघेवर. डाग गेला. राख गेली. काकू धावत येऊन लुगडं सोडायला लागली.

"काका, आत ना?"

काका पेंढ्या ओढत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाहू. तूर निंगू दे, मंग पाहू."

त्या दिवशी आम्ही हात मिळवला नाही. डाव संपलाच नव्हता ना!

तूर बडवून, उफणून निघाली तेव्हा माझी प्रात्यक्षिकं सुरू झाली होती. मग परीक्षा, मग निकाल, मग अकोल्याला कॉलेज. पुढच्या हंगामात गावात मळणीयंत्र आलं. ते बांधावर उभं राहतं, तिथेच धान्य काढून देतं. खळं कशाला हवं? बाबांनी नांगर घातला आणि हरभरा पेरला. चारच कोपरे हरभऱ्यात होते, आता सगळंच गेलं.

अकोल्याला कॉलेजच्या स्पर्धेत मी एकदाच उतरले. समोरची मुलगी माझ्या निम्म्याने जोर लावायची, पण चेंडू नेमका कोपऱ्यात टाकायची. मी जागची हलायची नाही. तिथे कुणी मारतं हेच माझ्या पायांना ठाऊक नव्हतं! सुट्टीत काकांना सांगितलं तेव्हा ते आधी खो खो हसले. मग म्हणाले, "माही चूक झाली, नंदे. म्या तुले गोल शिकवलं." मी म्हटलं, जाऊ द्या हो काका. आणि मी खरंच जाऊ दिलं. रॅकेट पुन्हा हातात घेतली नाही.

शिकले, नोकरी लागली, लग्न झालं, खामगावात शिकवायला लागले. खामगाव ते जानेफळ काही सातासमुद्रापलीकडे नाही, बसने दीड-दोन तास. दर जानेवारीत काकांचा फोन यायचा. "टीव्ही लावला का? तो उंच पोरगा पाह्य, हात कसा वर करते." सामन्याचं बोलून झालं की ठरलेलं वाक्य. "कव्हा येतं? डाव राह्यला आपला." मी हसायची. काका, पेपर तपासायचे आहेत. काका, मुलीला ताप आहे. काका, पुढच्या महिन्यात नक्की. मी जायचीही, लग्नाला, तेराव्याला, दिवाळीत उभ्या उभ्या. रॅकेट घेऊन गेले नाही. खामगावात एक मैदान आहे, चांगलं चौकोनी, चारही कोपरे असलेलं. काकांना एकदा गाडीत घालून तिथे आणावं असं मला कितीदा वाटलं. वाटलं, एवढंच.

क्रिकेटमध्ये षटकं संपतात, कबड्डीत शिट्टी होते. टेनिसमध्ये घड्याळ नाही. दुपारी सुरू झालेला सामना दिवे लागले तरी चालतो, हरलेला माणूस एकेक गुण करत परत उभा राहतो, आणि शेवटचा गुण होईपर्यंत कुणी कुणाला हरलास म्हणू शकत नाही. मला या खेळाच्या याच गोष्टीचं वेड. वर्षानुवर्षं एखाद्याचा खेळ बघावा, त्याचे पाय जड होताना बघावेत, आणि तरी एखाद्या सकाळी तो असा काही चेंडू मारतो की परात बाजूला ठेवून उभं राहावं लागतं. पण घड्याळ नाही ते मैदानात. बाहेर असतं. मी मात्र आमचाही डाव तसाच पडून राहील म्हणून खुशाल राहिले. आज त्याचं फार वाईट वाटतं.

या जानेवारीत काकूचा फोन आला, काकांचा नाही. "तुह्या काकाले दिसत नाही आता धड. टीव्ही लावते अन् नुसता आवाज आयकत बसते. येऊन जाय." मी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने गेले.

काका पलंगावर गोधडी घेऊन बसले होते. गुडघे गेलेले, डोळ्यांवर पांढरा पडदा. समोर टीव्ही चालू. ओसरीवर तुरीची पोती रचलेली. मी त्यांच्याजवळ बसले आणि सामना सांगायला लागले. डावीकडे मारला, काका. उचलला. काठाला लागला! ते प्रत्येक वेळी मान हलवत होते. टीव्हीतून मध्येच "आउट" असा आवाज यायचा.

"हे कोन सांगून राह्यलं?" काकांनी विचारलं. "मानूस तं नाही वाटत."

"मशीन आहे, काका. आता रेघेवरची माणसं काढून टाकली. मशीनच सांगतं."

"बाप्पा!" ते म्हणाले. "मशीन चुकत नसन."

"नाही चुकत."

सामन्यात काय झालं ते मी सांगत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. मग टीव्हीकडेच तोंड ठेवून म्हणाले, "आत होता."

"कोणता? आत्ताचा?"

"तुहा. बंडी आली तव्हाचा. राखीत पडला होता, चांगला मधात. मले दिसला होता."

स्वयंपाकघरात काकूच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. ज्या माणसाने मला रेघेचा खरेपणा शिकवला, त्याने उभ्या आयुष्यात एकदाच न्याय दाबून ठेवला होता.

"मग सांगितलं का नाही हो?"

"सांगतलं असतं तं डाव संपला असता," काका म्हणाले. "तू चालली होती शिकाले. म्हनलं, राहू दे आपला बाकी. तेवढ्यासाठी तरी येशीन."

मला रडू आलं. आवाज होऊ दिला नाही, पण आलं. एवढ्या जानेवारींमध्ये त्या फोनला मी हसत होते, आणि हा माणूस तिकडे डाव उघडा ठेवून बसला होता. मी हात वर केला, चेंडू पट्टीला लागून पडल्यावर करतात तसा. त्यांना तो दिसला नसणार.

"जितली तू," काका म्हणाले. "कव्हाचीच. आता आपल्याच्यानं खेयनं होत नाही, तं म्हनलं सांगून टाकाव." आणि त्यांनी गोधडीतून हात बाहेर काढला आणि अंदाजाने माझ्या दिशेने पुढे धरला. उभा, बोटं जुळवलेला, लुगड्याच्या काठावरून धरायचे तसा.

मी त्या हाताकडे बघत राहिले. तो धरला असता तर संपलं असतं सगळं.

"नाही काका," मी म्हटलं. "बाहेर होता. माझा मीच पाहिला."

"काऊन खोटं बोलतं वं? सूर्य तं तुह्या डोयात होता."

"तरी दिसला. बाहेरच होता. चांगला वीतभर."

काकांच्या ओठांच्या कडेला हसू आलं, सर्व्हिसच्या आधी यायचं ते. "मंग बरोबरी," ते म्हणाले.

"बरोबरी."

त्यांनी हात परत गोधडीत घेतला. "ठीक आहे. तूर निंगू दे, मंग पाहू."

"हाव," मी म्हटलं.

तूर आदल्या दिवशीच निघाली होती. पोती ओसरीवर होती.